स्टेजवरची पत्त्यांची जादू: खेळ प्रेक्षकांच्या हातात कसा द्यावा?

पत्तेपिसा

नमस्कार मंडळी. गणपती तोंडावर आले की सोसायट्या, शाळा, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्याकडून 'अर्धा तास जादूचे प्रयोग कराल का' अशी विचारणा सुरू होते. मी फक्त पत्त्यांचे प्रयोग करतो. त्यावर आयोजकांची शंका ठरलेली: "पत्ते? मागच्यांना काय दिसणार?"

शंका रास्त आहे. पत्ता उंचीला जेमतेम नऊ सेंटिमीटर. मागच्या रांगांतून इस्पिक कुठलं आणि किलवर कुठलं ते कळत नाही, आणि राजा-राणी-गुलाम म्हणजे नुसता रंगीबेरंगी गोंधळ दिसतो. यावर कोणी वहीएवढे मोठे पत्ते वापरतात, कोणी कॅमेरा लावून हात पडद्यावर दाखवतात. दोन्ही उपाय चालतात, मीही वापरतो. पण माझं ठाम मत असं आहे की स्टेजवर पत्त्यांचा सर्वांत मोठा परिणाम साधायचा असेल तर पत्ते जादूगाराच्या हातातून काढून प्रेक्षकांच्या हातात द्यावेत. एकदा प्रत्येकाच्या हातात पत्ते आले की दिसण्याचा प्रश्नच उरत नाही. मग सगळी मदार राहते ती तुम्ही सूचना कशा देता त्यावर. मला या धाग्यात त्याबद्दलच बोलायचं आहे.

उदाहरण सांगतो. ९ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री, चिनी नववर्षाच्या पूर्वसंध्येला, तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीच्या सोहळ्यात तैवानचा जादूगार लिउ चिएन याने सभागृहातल्या आणि घरोघरच्या प्रेक्षकांकडून एकाच वेळी पत्त्यांचा प्रयोग करून घेतला. त्याआधी स्पेनच्या वुडी अरागॉननेही असेच अख्ख्या सभागृहाकडून पत्ते फाडून घेतले होते. तो प्रयोग मी मराठीत बसवला आहे.

प्रत्येकाला कुठलेही चार वेगवेगळे पत्ते द्यायचे. ते पिसायचे, चारही एकत्र धरून मधोमध फाडायचे आणि एक गठ्ठा दुसऱ्यावर ठेवायचा. हातात आठ अर्धे तुकडे आले. आता आपल्या नावात जितकी अक्षरं, तितके तुकडे एकेक करून वरून खाली घालायचे. मग वरचे तीन उचलून उरलेल्या पाचांच्या मध्ये कुठेही खुपसायचे. आता जो तुकडा वर आला तो न बघता मांडीखाली ठेवायचा. हातात सात राहिले. त्यातले वरचे एक, दोन किंवा तीन, मर्जीनुसार, पुन्हा मध्ये खुपसायचे.

इथून पुढे सभागृह सामील होतं. चहा आवडणाऱ्यांनी वरचा एक तुकडा हवेत भिरकावून द्यायचा, कॉफीवाल्यांनी दोन. मग सगळ्यांनी एका सुरात 'ज्ञानोबा तुकाराम' म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला वरचा एक तुकडा खाली घालायचा. शेवटी 'सुख राहू दे' म्हणत वरचा तुकडा खाली, 'दुःख जाऊ दे' म्हणत पुढचा तुकडा फेकायचा. हातात एकच उरेपर्यंत हे चालू ठेवायचं. उरलेला अर्धा आणि मांडीखालचा अर्धा एकमेकांना लावून बघितले की तो एकच पत्ता निघतो.

एका ज्येष्ठ नागरिक संघातला अनुभव. तिसऱ्या रांगेत एक आजी होत्या, त्यांना दिसत नव्हतं. शेजारची नात त्यांच्या कानात सूचना सांगत होती, पण फाडणं, मोजणं, फेकणं आजींनी स्वतःच केलं. शेवटी दोन्ही तुकडे त्यांनी मांडीवर ठेवले आणि फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवत एकाची खाच दुसऱ्याच्या उंचवट्यात बसवली. 'बसला गं बरोबर' हे त्यांचं वाक्य आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं. स्टेजवरच्या दुसऱ्या कुठल्याही पत्त्यांच्या प्रयोगात त्या आजींना असं सामील होता आलं नसतं.

तुम्ही असे प्रयोग करत असाल किंवा प्रेक्षक म्हणून अनुभवले असतील तर जरूर लिहा.

नवशिक्या

दादा, वाचून लगेच घरी करून बघितलं. माझा जुळला, बायकोचाही जुळला, पण मुलाचा नाही जुळला. दोनदा केलं, दोन्ही वेळा नाही. त्याला फार वाईट वाटलं. कुठे चुकत असेल?

गणितवेडी

शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हा प्रयोग माझा फार लाडका आहे. नवशिक्या, आधी तो का जुळतो ते सांगते, म्हणजे मुलाचं काय होतंय ते तुम्हालाच सापडेल.

पत्ते क, ख, ग, घ समजा. फाडून गठ्ठा गठ्ठ्यावर ठेवला की क्रम होतो क ख ग घ क ख ग घ. वरचे कितीही तुकडे खाली घातले तरी हे चक्र मोडत नाही. म्हणून नावात अक्षरं किती याने काहीच फरक पडत नाही, जोडाक्षर एक धरा नाहीतर दोन. चक्रात कोणत्याही क्षणी वरून चौथा आणि तळाचा आठवा हे जोडीदार असतात. वरचे तीन मध्ये खुपसले की चौथा वर येतो. तो मांडीखाली गेला आणि त्याचा जोडीदार तळाशी राहिला. प्रयोगाचा निकाल इथेच लागलेला असतो. पुढे फक्त तो तळाचा तुकडा शेवटपर्यंत टिकवायचा.

मुलं नेमकी इथे घोळ करतात. 'मध्ये खुपसा' म्हटलं की सगळ्यांच्या खाली घालतात, मग तळाचा तुकडा बदलतो. दुसरी शक्यता म्हणजे तुकडे वरून खाली घालण्याऐवजी टेबलावर एकावर एक मांडत जाणे. त्याने क्रम उलटा होतो. मुलाचे हात बघा, या दोनपैकी एक नक्की सापडेल.

शेवटच्या 'राहू दे, जाऊ दे'च्या मागे जोसेफसचं कोडं आहे. इसवी सन ६७ मध्ये रोमन सैन्याने योदफात हे गाव जिंकल्यावर इतिहासकार जोसेफस आपल्या साथीदारांसह एका गुहेत अडकला होता. शरण जाण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून एकेकाने मरायचं असं ठरलं, आणि शेवटी जे दोघे उरले त्यात तो होता. त्यावरून गणितात प्रश्न आला की गोल करून ठरावीक अंतराने एकेकाला बाद करत गेलं तर कितव्या जागेवरचा उरेल? एक सोडून एक बाद करताना सहा जण असतील तर पाचवा उरतो, पाच असतील तर तिसरा.

आता चहावाले बघा. त्यांच्याकडे सहा तुकडे, जोडीदार सहावा. 'ज्ञानोबा तुकाराम'ची सात अक्षरं म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर एक, म्हणून जोडीदार पाचव्या जागी आला. कॉफीवाल्यांकडे पाच, जोडीदार पाचवा. सात म्हणजे एक फेरा आणि वर दोन, म्हणून तो तिसऱ्या जागी. दोन्ही ठिकाणी नेमका टिकणाराच!

पत्तेपिसा, तुमच्यासाठी एक भर: तीन तुकडे फेकले तरी जुळतं. करून बघा, चार उरतात, जोडीदार पहिल्या जागी येतो आणि चारांत पहिलाच टिकतो. म्हणजे 'दोन्ही घेत नाही' म्हणणाऱ्यांना तीन फेकायला सांगता येतील. फक्त चार फेकू देऊ नका, तिथे फसतं.

नवशिक्या

ताई, सापडलं! तो सगळ्यात खाली घालत होता. आता जुळला आणि साहेब शेजाऱ्यांना दाखवायला गेले आहेत.

पडद्यामागे

मला हे सगळं वाचून खरंच वाईट वाटलं. मी जादूच्या क्षेत्रात बरीच वर्षं आहे. रहस्य सांगायचं नाही हा आमच्याकडचा पहिला धडा. लंडनच्या १९०५ साली स्थापन झालेल्या मॅजिक सर्कलमध्ये रहस्य फोडणाऱ्याला सभासदत्व गमवावं लागतं. इथे तर क-ख-ग-घ करून सगळं मांडलं आहे. हा धागा वाचलेला माणूस उद्या सभागृहात बसला तर त्याला काय आनंद मिळणार? आणि शेजारी बसून तो बाकीच्यांनाही सांगणार. पत्तेपिसा, आपणच आपल्या पोटावर पाय देतो आहोत.

पत्तेपिसा

पडद्यामागे, तुमची तळमळ कळते. हातचलाखीचं किंवा खास बनवलेल्या कॅटचं रहस्य असतं तर मी इथे एक अक्षर लिहिलं नसतं. पॉल करीने १९४२ साली आणलेला तो प्रयोग तुम्हाला ठाऊक असेलच, ज्यात प्रेक्षक पत्ते न बघता लाल-काळे वेगळे लावतो. तो मी स्टेजवर करतो आणि त्याबद्दल कोणी कितीही विचारलं तरी सांगत नाही.

या प्रयोगाची गोष्ट वेगळी आहे. त्या सोहळ्यानंतर लगेच चीनमध्ये त्याचा गणितासकट उलगडा समाजमाध्यमांवर फिरत होता. तरी लोक आजही तो करतात, आणि माझ्या अनुभवात उलगडा माहीत असलेला माणूसही शेवटचे दोन तुकडे जुळवताना श्वास रोखून बसतो, कारण फाडलेला पत्ता त्याचा असतो. शिवाय आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागचं कारण सांगतात. त्याने जादूची गोडी कमी झाल्याचं मी पाहिलेलं नाही. मुलं उलट जास्त प्रश्न विचारतात.

पडद्यामागे

अंनिसचा मुद्दा मान्य. बुवाबाजी उघडी पाडायला हवीच आणि त्यात जादूगारांनी पुढे असायला हवं. पण करमणुकीची जादू कुणाला फसवून लुबाडत नाही, तिची गाठ राखायला हवी असं माझं मत अजूनही आहे. गणितावर चालणाऱ्या प्रयोगांपुरतं सोडून देतो. हातचलाखीवर इथे कोणी लिहू लागलं तर मात्र मी विरोध करणार.

साताऱ्याचे काका

आमच्या लहानपणी घरात पत्त्यांना बंदी होती. पत्ते म्हणजे जुगार, एवढंच वडीलधाऱ्यांना माहीत. सुट्टीत बदाम सात आणि गाढव घोटाळा खेळायचो तेही दुपारी सगळे झोपल्यावर. जादू म्हणजे मोठी पेटी, करवत, कबुतरं. पुण्याच्या जादूगार रघुवीरांचं नाव घरोघरी होतं, पुढे त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र यांनी ती परंपरा चालवली.

प्रेक्षकांना खेळात ओढणं मात्र जुनंच आहे. पी. सी. सरकार डोळ्यांवर पट्ट्या बांधून घेत आणि प्रेक्षकांपैकी कोणी फळ्यावर लिहिलेलं वाचून दाखवत. फळ्यावर लिहायला गेलेल्या माणसाची छाती कशी धडधडत असेल! त्या काळी एक माणूस स्टेजवर जायचा आणि बाकीचे त्याच्याकडे बघायचे. आता सगळ्यांच्याच हाती तुकडे, ही कल्पना मला फार आवडली. आमच्या संघात करायची आहे. एकच अडचण, आमच्या वयाच्या बोटांनी प्लॅस्टिकचे पत्ते फाटत नाहीत.

पत्तेपिसा

काका, प्लॅस्टिकचे पत्ते तरुणांनाही फाटत नाहीत. साधे कागदी कॅट घ्या, सगळ्यांत स्वस्त मिळतील ते. आधी मधोमध घडी घालून ती नखाने दाबायला सांगा, मग फाडा. तरीही जड गेलं तर दोन-दोन फाडले तरी चालतात, पण क्रम सांभाळण्यासाठी एक स्वयंसेवक जवळ ठेवा. किंवा पत्त्यांचा आग्रहच सोडा. जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापून त्यावर चार वेगवेगळी चित्रं किंवा आकडे काढा. प्रयोगाला फक्त चार वेगळे कागद लागतात.

हिशेब सांगतो: ३०० प्रेक्षकांना १२०० पत्ते, म्हणजे २४ कॅट. २३ घेतलेत तर नेमके चार कमी पडतात. प्रत्येकी चार-चार पत्ते आदल्या दिवशी रबरबँड लावून ठेवायचे आणि लोक आत येताना दारातच द्यायचे. कार्यक्रम सुरू झाल्यावर वाटायला गेलात तर सगळी रंगत जाते.

विंगेतून

मी ध्वनी आणि प्रकाशयोजना करतो, त्यामुळे असे प्रयोग विंगेतून पुष्कळ बघितले आहेत. जादूगार मंडळी ज्या गोष्टी आम्हाला शेवटच्या पाच मिनिटांत सांगतात, त्या आधी सांगा ही विनंती.

सभागृहाचे दिवे लावावे लागतात. अंधारात लोक तुकडे मोजणार कसे? पण एकदम सगळे दिवे लावले की लोकांना मध्यंतर झाल्यासारखं वाटतं आणि कुजबुज सुरू होते. हळूहळू अर्ध्यापर्यंत आणा. हातातला माइक अजिबात नको, तुमचे दोन्ही हात पत्ते दाखवायला मोकळे हवेत. कॉलरचा किंवा डोक्याला लावायचा माइक मागा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे थांबा. फाडण्याच्या वेळी शेकडो लोक एकदम पत्ते फाडतात आणि सभागृहात जो चर्रर्र आवाज उठतो, त्यावर बोलणारे जादूगार मी पाहिले आहेत. एक तर तो आवाज हा प्रयोगातला सर्वांत सुंदर क्षण आहे, आणि त्यावर दिलेली सूचना कुणालाच ऐकू जात नाही. आवाज पूर्ण विरू द्या, मग पुढचं वाक्य.

आणि प्रयोगानंतर जमिनीवर तुकड्यांचा सडा पडतो. झाडणाऱ्या मावशींना आधी सांगा, जास्तीचे पैसे द्या. 'हवेत भिरकवा'ऐवजी 'पुढच्या रिकाम्या पाकिटात टाका' म्हटलं तरी चालेल, पण भिरकावण्याचा आनंद लोकांना हवा असतो हेही खरं.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहिते आहे. आमच्या मंडळात दिवाळीला हा प्रयोग करावा असं मनात आलं. 'ज्ञानोबा तुकाराम' कल्पना गोड आहे, पण इथे वाढलेली मुलं अक्षरं मोजत नाहीत, कानाला जसं येईल तसं मोजतात. आमच्या मुलीने 'ज्ञा-नो-बा-तु-का-राम' असं सहाच मोजलं. आणि आजोबा 'ग्यानबा तुकाराम' म्हणाले, तर तिने पाच मोजले! मग प्रयोग फसणार ना?

गणितवेडी

हो, फसणार. नावाच्या वेळी कितीही मोजा, पण इथे सातच हवेत. सहा झाले की चहावाले आणि कॉफीवाले दोघांचाही जोडीदार चुकीच्या जागी पडतो. आपण शेवटचा 'राम' एका दमात म्हणतो, तिथे एक तुकडा हमखास कमी जातो.

दोन उपाय आहेत. स्टेजवर सात अक्षरांचे सात मोठे फलक लावा आणि एकेकाकडे बोट दाखवत म्हणायला लावा. नाहीतर असं वाक्य घ्या ज्यात लिहिलेली अक्षरं आणि बोललेले ठोके सारखेच येतात. 'चला बघू या जादू' घ्या: च, ला, ब, घू, या, जा, दू. लिहून सात, म्हणून सात. कोल्हापुरात असाल तर 'उदे गं अंबे उदे' चालेल, तेही दोन्हीकडून सात. 'गणपती बाप्पा मोरया' सगळ्यांच्या तोंडी असतं पण त्यात नऊ येतात, त्यामुळे मोह टाळा.

पत्तेपिसा

ताई, हे सोनं आहे. मी फलक वापरतो, पण 'चला बघू या जादू' मिश्र प्रेक्षकांत जास्त मोकळेपणाने म्हटलं जाईल. देवाचं नाव घ्यायचं की नाही असा प्रश्न कुणाला पडायला नको.

सूचनांबद्दल माझे नियम लिहितो, कारण दूरदेशींना त्यांची गरज पडेल. एका वाक्यात एकच काम. 'फाडा आणि एकावर एक ठेवा' असं म्हणायचं नाही. 'फाडा.' थांबा. 'एक गठ्ठा दुसऱ्यावर ठेवा.' थांबा. प्रत्येक कृती आधी आपल्या हातातल्या मोठ्या पत्त्यांवर करून दाखवायची, मग लोकांना करायला सांगायची. 'मध्ये खुपसा' म्हणताना 'वर नाही, खाली नाही, मध्ये' असं हाताने दाखवत म्हणायचं. चिनी सोहळ्यात जादूगाराच्या शेजारी उभ्या असलेल्या सूत्रसंचालकाचाच पत्ता जुळला नव्हता आणि त्याची चर्चा प्रयोगापेक्षा जास्त झाली. शेजारी उभ्या माणसाचं असं होऊ शकतं, तर विसाव्या रांगेतल्या माणसाला किती जपून न्यायला हवं!

न जुळलेल्यांसाठी मी शेवटी हात वर करायला सांगतो, आणि त्यांच्यातल्या एखाद्या लहान मुलाला स्टेजवर बोलावून त्याच्याबरोबर पुन्हा सावकाश करतो. 'तुमचं चुकलं' हे शब्द तोंडातून येता कामा नयेत. स्टेजवर बोलावलेल्या कुणाचीही फजिती करायची नाही. नाव आदराने विचारायचं, माइक त्यांच्या तोंडाजवळ धरायचा, परवानगीशिवाय खांद्यावर हात ठेवायचा नाही. एखादा पत्ता लक्षात ठेवायला सांगणार असाल तर तो त्यांच्या शेजारच्या दोघांनाही दाखवा. स्टेजवर आलेला माणूस गांगरतो आणि पत्ता विसरतो. तो विसरला तर प्रयोग मेला. तिघांनी बघितला असेल तर कुणी ना कुणी सांगतोच.

नवशिक्या

ताई, एक शेवटची शंका. मुलगा विचारतोय की चारऐवजी पाच पत्ते घेतले तर?

गणितवेडी

मुलाला शाबासकी द्या, हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. आत्ता कागदावर मांडून बघितलं.

पाच पत्ते फाडले की दहा तुकडे. वरचे तीनऐवजी चार मध्ये खुपसायचे, बाकी सगळं तसंच. मांडीखाली एक गेला की हातात नऊ. आता एक, दोन, तीन किंवा चार, कितीही तुकडे फेकले तरी त्याच सात अक्षरांनी जुळतं! एकही फेकला नाही तर मात्र जुळत नाही, म्हणून 'किमान एक फेका' हे ठासून सांगायचं. म्हणजे पत्तेपिसांना सभागृहाचे चार गट करता येतील. पाच पत्ते एकदम फाडायला जोर लागतो, तेव्हा काकांच्या संघात चारच बरे. शाळेच्या स्नेहसंमेलनात कागदाच्या चिठ्ठ्यांवर पाच घ्या.